ओस्टरकाम्पबाईंच्या बागेतला दगड

श्यामकांत देवस्थळींना जगातल्या यच्चयावत प्रश्नांवर मत होतं, आणि ते मत ऐकून घ्यायला घरात स्नेहलता होती. उभी हयात त्यांनी कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर समोरचा वर्ग गेला, पण तास काही संपला नाही. त्यातही आवडता विषय म्हणजे इंग्रजांनी आपल्याकडून काय काय नेलं. तलवारी, हिरे, पोथ्या, देवळांतल्या मूर्ती. हा विषय निघाला की चहा गार व्हायचा आणि तो पुन्हा गरम करायला स्नेहलताच उठायची. जर्मनीत, कोलोनला मुलाकडे आल्यावर तर त्यांच्या बोलण्याला ऊतच आला. म्युझियममध्ये काचेच्या प्रत्येक पेटीपुढे उभे राहून ते नातीला म्हणायचे, "विचार त्यांना, हे कुणाकडून आणलं?" तनया पंधरा वर्षांची. ती इकडे तिकडे बघत पुटपुटायची, "आजोबा, बिटं, प्लीज. हळू बोला."

तर अशा माणसाच्या डोळ्यांदेखत तो दगड त्या घरात वर्षभर नांदला आणि त्यांच्या मनाला शंकाही शिवली नाही.

दगड सापडला तो स्नेहलतेला, मागच्या वर्षी. मुलानं, गुरुदत्तनं, नुकतंच हे घर घेतलं होतं. आधीची मालकीण ओस्टरकाम्पबाई ऐंशीच्या पुढची. जिने चढवेनात म्हणून ती घर विकून त्याच रस्त्याच्या टोकाला छोट्या फ्लॅटमध्ये राहायला गेली होती. मागे बाग होती आणि बागेत रान माजलं होतं. एका झुडपाखालचा पाचोळा काढताना स्नेहलतेच्या हाताला तो लागला. नारळापेक्षा जरा मोठा, बुडाशी सपाट, आणि वरून लाल. मातीनं लाल नव्हे, माखल्यासारखा लाल. शेताच्या बांधावर, विहिरीच्या काठावर, गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेले दगड बघत जी बाई मोठी झाली, तिला दुसरं काय वाटणार? तिनं जागच्या जागी चपला काढल्या आणि मातीचे हात पदराला पुसून जोडले.

त्याच आठवड्यात तनयाला शाळेत फिट आली होती. पहिली नव्हती ती, पण या वेळी पडताना पोरीचं डोकं बाकावर आपटलं होतं. सूनबाई, मीनल, हॉस्पिटलातून आली ती भिंतीला टेकून नुसती उभी राहिली. घरात कोणी मोठ्यानं बोलेना. स्नेहलतेनं दगड आत आणला, बागेकडच्या काचेच्या पडवीत पाटावर ठेवला, तेलात शेंदूर कालवून त्याला लावला आणि नवस बोलली. पोरीचं एक वर्ष फिटेवाचून जाऊ दे, तुला चांदीचे डोळे बसवीन.

आणि फिट आली नाही. मीनल म्हणाली, "आई, डॉक्टरांनी गोळ्या बदलल्यात." स्नेहलता म्हणाली, "गोळ्यांना गुण यायला नको का?" मीनलनं वाद घातला नाही. दगड बाहेरून दिसू नये एवढंच तिचं म्हणणं होतं. व्हिसाची मुदत संपली, म्हातारा-म्हातारी पुण्याला परतली, तरी दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर स्नेहलता आधी नातीला बघायची आणि मग म्हणायची, "आता पडवीत ने फोन." गुरुदत्त सॉफ्टवेअरमधला शहाणा माणूस, पण निमूटपणे फोन पडवीत न्यायचा. मुलांच्या जिवाचा प्रश्न आला की शहाणपण कोण खुंटीला टांगत नाही!

एक गोष्ट मात्र स्नेहलतेनं कोणालाच सांगितली नव्हती. दगड आत आणला त्या दिवसापासून तिची दुपारची झोप बिघडली होती. जेवणानंतर ती घटकाभर आडवी व्हायची, अंगावर जुन्या लुगड्यांची गोधडी. डोळा लागला न लागला तोच पायाकडून गोधडी ओढली जायची. जोरानं नव्हे. थंडी वाजणारं माणूस शेजारच्याच्या पांघरुणाचं टोक हळूच आपल्याकडे घेतं ना, तशी. ती दचकून उठायची, टोक घट्ट धरायची. खोलीत कोणी नसायचं. मग तिला वाटायचं, कोणीतरी कुठेतरी उघडं पडलंय. ती उठून तनयाच्या खोलीत जायची. तनया शाळेत असली तर तिच्या रिकाम्या गादीवरची रजई नीट करून यायची. पुण्याला गेल्यावर हे थांबेल असं तिला वाटलं होतं. थांबलं नाही.

या वर्षी ती आली ती बटव्यात चांदीचे डोळे घेऊनच. सराफानं विचारलं होतं, "कुठल्या देवाचे, काकू?" ती म्हणाली होती, "आहे एक परदेशातला." वर्ष भरायला आता थोडेच दिवस राहिले होते. आणि नेमकी मध्येच रस्त्याच्या नावाची सभा आली.

रस्त्याला एका मेजरचं नाव होतं. लोडेनहाइम म्हणून कोणी. शंभरावर वर्षांपूर्वी जर्मनीनं आफ्रिकेच्या नैर्ऋत्येला वसाहत केली होती, तिथल्या लोकांनी बंड केलं, तेव्हा हा मेजर तिकडे लढायला गेला होता. लढायला म्हणजे काय, ते पुढे कळलंच. नाव बदलावं की राहू द्यावं यावर चर्चच्या हॉलमध्ये रहिवाशांची चर्चा ठरली. गुरुदत्त म्हणाला, "आपण इथे नवे. मागे बसायचं, ऐकायचं, घरी यायचं." श्यामकांतांना अर्थात पुढची रांग हवी होती. शेवटी सगळे मधल्या रांगेत बसले. तनया आजी-आजोबांच्या मध्ये, भाषांतराला. एरवी घरात मराठीत विचारलं की जर्मनमध्ये उत्तर देणारी पोर त्या संध्याकाळी नाइलाजानं मराठी बोलत होती.

टाय लावलेले एक गृहस्थ आधी उठले. तनया कुजबुजली, "तो म्हणतो, आपण कोणी तिकडे गेलो नव्हतो. शंभर वर्षं झाली. तेव्हा सगळे असंच करायचे, तो काळ तसा होता."

त्यावर शाळेत शिकवणारी एक तरुण बाई उठली. काळ तसा नव्हता, ती म्हणाली. त्याच काळात बर्लिनच्या संसदेत माणसं उभी राहून सांगत होती की हे युद्ध नाही, ही कत्तल आहे. लोकांना वाळवंटात हाकलून पाण्यावाचून मारलं, उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं. सरकारनं या लढाईसाठी आणखी पैसा मागितला तेव्हा संसदेनं नकार दिला. मग संसदच बरखास्त झाली, निवडणूक झाली, आणि वसाहती हव्यात म्हणणाऱ्यांना लोकांनी निवडून दिलं. "म्हणजे त्यांना माहीत होतं," तनयानं सांगितलं. "सगळं माहीत होतं, तरी मत दिलं."

श्यामकांत इतके खूश झाले की त्यांनी मांडीवर थाप मारली. "बघ! सगळीकडे हेच. गेनाऊ, गेनाऊ," ते शेजारच्या जर्मन माणसाला म्हणाले. बरोबर, अगदी बरोबर, एवढं एक जर्मन त्यांना पक्कं येत होतं.

मग ओस्टरकाम्पबाई काठी टेकत उठल्या. त्या बराच वेळ बोलल्या आणि तनयाचं भाषांतर मध्येच थांबलं. "काय म्हणतायत?" श्यामकांतांनी विचारलं.

तनया आजीकडे बघत होती. "तिचे आजोबा त्या मेजरचे शिपाई होते. त्यांनी तिकडून एक दगड आणला. लाल. घरी दाराला लावायचे, दार हलू नये म्हणून. मग तिच्या आईला त्याची भीती वाटायला लागली, तर आईनं बागेत टाकला." तिला शब्द सापडेना. "आजी, मेलेल्या माणसाला जमिनीत ठेवतात ना? त्याच्या वर होता तो. त्याच्या वरून काढून आणला."

स्नेहलतेचा हात मांडीवरच्या बटव्यावर होता. आतले चांदीचे डोळे कापडातून बोटाला टोचले.

"ती म्हणते, तिला तो परत द्यायचाय. तिकडच्या लोकांचं मंडळ आहे, ते नेतील. पण घर विकल्यावर लक्षात आलं. ती आपली बाग बघून गेली, मम्माला विचारून, पण काय शोधतेय ते सांगितलं नाही. दगड नव्हता. तिला वाटतं, साफसफाईवाल्यांनी फेकला." तनयाचा आवाज खाली गेला. "ती रडतेय."

टायवाले गृहस्थ बसल्या जागेवरून काहीतरी बोलले. कबर कुणाची ते ठाऊक नाही, मग देणार कुणाला? इथे असता तर निदान नीट सांभाळला गेला असता. काही लोकांनी माना हलवल्या. ओस्टरकाम्पबाई खाली बसल्या. देवस्थळींच्या रांगेतून कोणी काही बोललं नाही. श्यामकांतही नाहीत, आणि हे त्यांच्या लग्नाच्या आयुष्यात फार थोड्या वेळा घडलं होतं.

सगळे घरी आले. पडवीचं दार लोटलेलं होतं, त्यावर नजर न टाकता जो तो आपापल्या खुर्चीत बसला. तनया तेवढी उभी होती. "आल्झो, म्हणजे, आपण देणार ना?" तिनं विचारलं. मग जर्मनमध्ये आणखी काहीतरी बोलली आणि कोणी उत्तर देत नाही असं बघून खोलीत निघून गेली.

"वर्ष भरू दे," श्यामकांत म्हणाले. "नवस पुरा होऊ दे, डोळे बसू देत, मग बघू."

"डोळे बसवून मग परत द्यायचा?" मीनल म्हणाली. "बाबा, कुणाच्या तरी कबरीवरचा दगड आहे तो."

"ते ती बाई म्हणते. पुरावा काय? आणि आपण थोडाच आणला? आपल्याला तर तो बागेत मिळाला." त्यांचा आवाज वर्गातला झाला. "शंभर वर्षांत तिकडची कबर तरी उरली असेल का? कुणाची ते ठाऊक नाही, देणार कुणाला? तिकडच्या एखाद्या गोदामात पडून राहील. इथे निदान रोज दिवा लागतो. आपण किती नीट सांभाळलाय."

गुरुदत्त खाली बघत होता. "आता सांगायला गेलं तर लोक म्हणतील, सभेत का नाही सांगितलं," तो म्हणाला.

"अहो," स्नेहलता म्हणाली, "हे तर त्या टायवाल्याचंच भाषण झालं."

श्यामकांतांचा चेहरा उतरला. ते चिडतील असं सगळ्यांना वाटलं, पण ते चिडले नाहीत. "असू दे त्याचं," ते म्हणाले. "पोरीचं डोकं पुन्हा बाकावर आपटलं तर मला इतिहास नकोय."

स्नेहलतेलाही तेच वाटत होतं. तिला तर त्यांच्यापेक्षा जास्त वाटत होतं. गोळ्यांचा गुण गोळ्यांचा, हे काय तिला कळत नव्हतं? पण भीतीला डॉक्टरची चिठ्ठी वाचता येत नाही. दगड गेला, आणि गेल्यावर पोरीला काही झालं, तर आयुष्यभर आपणच आपल्याला विचारत बसू, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

सकाळी ती पडवीत गेली. नेहमीप्रमाणे हातात हळदकुंकवाची वाटी होती. पाटासमोर बसली आणि हात पुढे जाईना. श्यामकांत चष्मा शोधत तिथे आले तर ती तशीच बसलेली.

"तुम्हाला एक विचारू?" ती म्हणाली. "अंबाजोगाईला तुम्ही दगड ठेवला होतात ना?"

श्यामकांत दारातच थांबले. त्या गावाचं नाव त्यांच्या घरात कधी निघत नसे. नवी नोकरी, नवा संसार आणि पहिली मुलगी. बारसंही झालं नव्हतं तिचं. तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. श्यामकांत आणि दोन शेजारी ओढ्याकाठी जाऊन आले होते. बायकांनी जायचं नसतं म्हणून स्नेहलता घरी बाजेवर पडून राहिली होती. ते परत आले तेव्हा तिनं रडत रडत एकच विचारलं होतं, वर दगड ठेवलात ना? कोल्हीकुत्री उकरतात हो. आणि त्यांनी सांगितलं होतं, ठेवला, चांगला मोठा ठेवला. त्या एका दगडाच्या आधारावर तिनं पुढची सगळी वर्षं काढली होती. गुरुदत्त झाला, पुण्यात घर झालं, नात झाली. ओढ्याकाठी आता वस्ती असेल, रस्ता असेल. पण दगड मनात आपल्या जागी होता.

"ठेवला होता," श्यामकांत म्हणाले. "माझ्या हातानं. दोघांनी मिळून उचलला, एवढा जड."

"तो कोणी उचलून नेला असता तर? दाराला लावायला?"

श्यामकांत आत येऊन पाटाशी उभे राहिले.

"आणि मग पुढे कोणीतरी त्याला देव म्हणून शेंदूर फासला असता, रोज दिवा लावला असता, आणि म्हणाला असता, बघा आम्ही किती नीट सांभाळलाय." तिनं हातातली वाटी खाली ठेवली. "अहो, मी वर्षभर याच्याकडे माझ्या नातीला मागतेय. आणि हा ज्याच्यावरचा आहे, ते माणूस तिकडे उघडं पडलंय."

मग तिनं त्यांना गोधडीचं सांगितलं. पहिल्यांदाच. तास संपवणारा कोणी नाही म्हणून ज्यांचं बोलणं थांबत नसे, ते श्यामकांत तिच्याशेजारी फरशीवर बसले, गुडघे दुखत असताना बसले, आणि चष्मा काढून डोळे पुसत राहिले. मग म्हणाले, "चल. मी धरतो दगड. त्या वेळीही मीच धरला होता."

शनिवार होता, तनया घरी होती. तिला बरोबर घेऊन दोघं ओस्टरकाम्पबाईंच्या फ्लॅटवर गेले. श्यामकांतांनी दगड गोधडीत गुंडाळून पोटाशी धरला होता. बाईंनी दार उघडलं, गोधडी उकलली तशा त्या मागे सरकल्या आणि त्यांनी तोंडावर हात घेतला. शेंदरामुळे त्यांना वाटलं, दगडाला रक्त आलंय.

"सांग त्यांना," स्नेहलता तनयाला म्हणाली. "आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्ही देव समजलो. आणि काल सभेत ठाऊक झालं, तरी गप्प बसलो. तेही सांग."

तनयानं सगळं सांगितलं. ओस्टरकाम्पबाईंनी तोंडावरचा हात काढला. "त्या म्हणतात, माझ्या आजोबांनी त्याला दाराशी ठेवलं, तुम्ही निदान पूजा केलीत. तुमच्याकडे त्याला मान मिळाला."

"नाही," स्नेहलता म्हणाली. "ज्याच्यावरचा हा, त्या माणसाला दोन्हीचा उपयोग सारखाच."

मंडळाला कळवलं गेलं. तिकडून माणसं यायला, कागद व्हायला काही महिने लागणार होते. दगड तोवर घरात ठेवायचा धीर ओस्टरकाम्पबाईंना होईना. त्यांनी स्नेहलतेचा हात धरून विनवलं, तेवढे दिवस तुमच्याकडेच राहू दे. म्हणून तो पुन्हा पडवीत आला. स्नेहलतेनं मंडळाला विचारूनच कोमट पाण्यानं आणि मऊ फडक्यानं हलक्या हातानं त्याचा शेंदूर काढला. वर्षभराचे थर निघता निघेनात. पाणी पुन्हा पुन्हा लाल होत होतं. सगळा आपला रंग निघाल्यावर खाली जुना लाल तसाच होता, जरा काळपट, बोटांच्या ठशांसारखा कुठे जाड, कुठे पातळ. कोणीतरी हातानं लावलेला. तिनं त्या ठशांवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं. पाट काढला, समई देवघरात नेली. चांदीचे डोळे बटव्यातच राहिले.

वर्ष भरायच्या चार दिवस आधी तनयाला फिट आली.

दुपार होती. शाळेतून आली, दप्तर टाकलं, पडवीत आजीशी बोलायला म्हणून आली आणि बोलता बोलता शब्द थांबला. स्नेहलतेनं तिला खाली पडू दिलं नाही. कुशीवर वळवलं, मानेखाली आपला हात घातला. पोरीचं अंग आखडून झटके देत होतं आणि दोन हातांवर तो दगड होता. कपाटात शेंदराची डबी होती. बटव्यात डोळे होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. आत्ता हात जोडून म्हटलं असतं, चुकले, राहा इथेच, कुठे जाऊ नकोस, तर कुणाला कळणार होतं? शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते. तिनं दगडाकडे बघितलं आणि त्याच्याकडे काही मागितलं नाही. खुर्चीवरची गोधडी ओढली आणि नातीच्या अंगावर घातली.

फिट ओसरली. तनयानं डोळे उघडले, आजीला ओळखलं. "आजी," ती मराठीत म्हणाली, "मी पडले?"

"नाही," स्नेहलता म्हणाली. "मी धरलं होतं."

मीनल धावत आली, डॉक्टरांशी फोनवर बोलली. गोळीचं प्रमाण थोडं वाढवायचं ठरलं. मीनलनं सासूला काही विचारलं नाही. श्यामकांत पडवीच्या दाराशी येऊन दगडाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पण ते बोलले नाहीत, आणि स्नेहलतेनं त्याबद्दल त्यांचे मनातल्या मनात आभार मानले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडवीलगतच्या खोलीत आडवी झाली. बाहेर ढग होते, काचा गार पडल्या होत्या. डोळा लागतो न लागतो तोच पायाकडून गोधडी ओढली गेली. तशीच, हळूच, थंडी वाजणाऱ्या माणसासारखी. सवयीनं तिची मूठ टोकावर घट्ट आवळली. वर्षभर ती हेच करत आली होती. कोणीतरी मागत होतं आणि ती आपल्याकडे ओढत होती.

तिनं मूठ सोडली.

"घे," ती डोळे मिटूनच म्हणाली. "तू घे, बाळा."

श्यामकांत चहाचं विचारायला आले तेव्हा ती गुडघे पोटाशी घेऊन पडली होती आणि गोधडी पार पडवीच्या उंबऱ्यापाशी होती. ते ती उचलायला वाकले.

"अगं, थंडी नाही का वाजत?"

"वाजते," स्नेहलता म्हणाली. "राहू दे तिथंच."